चेंबर निघेना

आमच्या दारात रोज सकाळी पाणी शिंपडून मी तांदळाच्या पिठाची रांगोळी काढते. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलेली ही रीत, ती अजून सुटलेली नाही. गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्या रांगोळीत काळा ओघळ दिसायला लागला. मी पुसायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच. ओट्याला लागून ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मोटारसायकल उभी असायची. तिच्या इंजिनातून तेल गळत होतं आणि उतारावरून हळूहळू रांगोळीपर्यंत येत होतं.

गाडी तेव्हा कोणी चालवत नव्हतं. किल्ली मी डाळीच्या डब्यामागं लपवली होती.

हे तिरुभुवनमला एका रेशमाच्या कारखान्यात मागांची देखभाल करायचे. माग अडला, धोटा लंगडायला लागला, की ह्यांना हाक. नोकरी होती तोवर रोज याच गाडीवरून जायचे आणि यायचे. दोन सिलिंडरची जुनी गाडी, आता रस्त्यावर अशा फारशा दिसत नाहीत. तिचं सगळं काम हे स्वतः करायचे. गॅरेजात नेली तर तिथंही मेकॅनिकला बाजूला सारून स्वतः पाना हातात घ्यायचे. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता दोघांनी निवांत देवळं हिंडायची, जवळच्या मरुदानल्लूरला भजनाला जायचं. पण वर्षभरात एका सकाळी हे नेहमीसारखे डबा मागून घेऊन कामावर निघाले. नोकरी संपल्याचं ह्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी भाजीला गेले होते. डबा शेजारणीनं भरून दिला होता, तिला काय ठाऊक. दुपारी फोन आला तो आडुतुरैहून. तिरुभुवनम त्याच रस्त्यावर, अलीकडं. ते मागं टाकून हे तसेच पुढं गेले होते आणि एका चहाच्या टपरीशी गाडी उभी करून बसले होते. टपरीवाल्यानं ह्यांच्या खिशातल्या फोनवरून मला लावला. मी रिक्षानं गेले, तर हे म्हणाले, "अगे, कारखाना कोठें नेला यांनीं?"

तंजावूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आजाराचं नाव सांगितलं, ते ऐकून मुलगी बेंगळूरहून फोनवर रडली. गाडी हातात द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शिवाय म्हणाले, येत असलेली कामं करू द्या, हातांना सवय असते, त्यानं माणूस टिकतो.

त्या एका वाक्याला मी धरून बसले होते.

म्हणून तेलाचा ओघळ पाहून हे खाली वाकले, बोट लावून वास घेतला आणि "चेंबरचें पॅकिंग गेलें. काढून नवें घालितों," असं म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. इंजिनाच्या बुडाशी तेलाचा जो पसरट डबा असतो, तो चेंबर. तो बोल्टांनी आवळलेला असतो, आणि मध्ये तेल झिरपू नये म्हणून कागदासारखं पॅकिंग. एवढं मला ह्यांच्याच तोंडून ठाऊक झालं होतं. इतक्या महिन्यांत ह्यांनी एखाद्या गोष्टीचं नाव पहिल्या फटक्यात घेतलं नव्हतं. दिव्याला पंखा म्हणायचे, ताटाला खिडकी. आणि हे मात्र सरळ, न अडखळता.

"आज करायचं का?" मी विचारलं.

"आज रविवार ना? मग आजच."

वारही बरोबर होता.

इथं ह्यांच्या बोलण्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कोल्हापूरकडची. हे इथलेच, तंजावूरच्या मराठा राजांच्या काळात आलेल्या घराण्यातले. घरात ह्यांची मराठी फार जुनी. माझे भाऊ लग्नात ऐकून तोंडाला रुमाल लावून हसले होते. नंतर मला तीच गोड वाटायला लागली. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा ह्यांच्या घरचा न सांगितलेला नियम. पाहुणा तमिळ असला तरी माझ्याशी वळून बोलायचे ते मराठीतच.

ह्यांनी जुनी चटई गाडीखाली अंथरली. पुढच्या चाकाला विटा लावल्या, गाडी मधल्या स्टँडवर घेतली. मी परात आणून दिली, तिच्यात काळं तेल सोडलं. मग सायलेन्सरचा पाइप काढला, कारण तो चेंबरच्या खालून जातो. एकेक काम इतकं नीट चाललं होतं की मी स्वयंपाक बाजूला ठेवून ओट्यावरच बसून राहिले. हे पाठीवर झोपून हात वर करून बोल्ट सैल करायचे, एक इकडचा, एक समोरचा, आणि माझ्या हातात द्यायचे. मी ते स्टीलच्या ताटलीत ठेवायची.

"ओळीनें एकाच बाजूचे काढूं नयेत," हे खालून म्हणाले. "पत्रा वांकतो."

"बरं."

"कोणी विचारलें तर सांगशील ना? तुज आतां ठाऊक झालें."

मी हसले. मुलीला फोन लावून हळूच म्हणाले, "बाबा गाडी खोलतायत. अगदी पहिल्यासारखे." ती म्हणाली, "आई, व्हिडिओ कॉल कर ना." तिनं पाहिलं. हे खालूनच हात हलवून तिला म्हणाले, "कामांत आहें, मागाहून." किती दिवसांनी तिला ते वाक्य ऐकायला मिळालं असेल. लहानपणी याच वाक्यावर ती रुसायची.

"झाले सगळे," हे म्हणाले आणि बाहेर आले. कपाळावर तेलाचा पट्टा. "आतां खालीं येईल."

चेंबर खाली आला नाही.

ह्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढला. लाकडी ठोकळा लावून बाजूनं हातोडी मारली, आधी हलकी, मग जोरात. तो इंजिनाचाच भाग असल्यासारखा चिकटून बसलेला. "मागच्या वेळीं कोणी तरी सोल्यूशन फासलें आहे," हे म्हणाले. मागच्या वेळी ह्यांनीच पॅकिंग घातलं होतं. हे म्हणाले, "पाणी तापव." मी पातेलंभर पाणी उकळून आणलं, फडकी भिजवून चेंबरला गुंडाळली, गरम झाला की पुन्हा ठोकायचं. ह्यांनी दोसा उलटायचं पातळ उलथनं मागितलं, तेही दिलं. त्याची धार फटीत शिरते का पाहिलं. एका बाजूनं थोडी शिरली. फटीतून तेलाचा थेंब आला. "पाहा, सुटतो आहे," हे म्हणाले, आणि मी खरोखर हात जोडले.

ऊन डोक्यावर आलं. समोरच्या घरातले गृहस्थ येऊन बघून गेले, तमिळमध्ये म्हणाले, उद्या मेकॅनिकला बोलवा ना. हे ठोकतच राहिले. मी जेवायला चला म्हटलं, तर ऐकूच आलं नसल्यासारखं केलं. आता ठोकण्यात पहिली लय नव्हती. एकदा इथं, एकदा तिथं. मध्येच थांबून हातोडीकडं बघत राहायचे. एकदा परातीतल्या तेलात हात बुडवून तो बराच वेळ तसाच ठेवला. ती नजर मी ओळखत होते. आडुतुरैच्या टपरीवर तीच होती.

"अहो, पुरे आता. संध्याकाळी बघू."

ह्यांनी माझ्याकडं वर पाहिलं. अगदी नम्रपणे, रस्त्यावरच्या कुणा बाईला विनंती करावी तसं म्हणाले, "अम्मा, अन्द पेरिय स्क्रूड्रायव्हर कोंजम् एडुंग."

बाई, तो मोठा स्क्रूड्रायव्हर जरा द्या.

एवढ्या संसारात हे माझ्याशी तमिळमध्ये कधी, एकदाही बोलले नव्हते. भांडतानासुद्धा नाही. पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करतायत. मग कळलं की नाही. मी उंबऱ्याबाहेरची झाले होते. हे कुठं होते, कुठल्या कारखान्यात, कुणाच्या ओट्याशी, देव जाणे. पण तिथं मी ह्यांची कुणी नव्हते, नुसती हत्यारापाशी बसलेली एक सभ्य बाई होते.

मी स्क्रूड्रायव्हर उचलून दिला. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. देता देता मी मराठीत म्हणाले, "अहो, मी आहे. जपून हां." तर हे तमिळमध्येच म्हणाले, "सरि अम्मा, सरि." बरं बाई, बरं.

ह्यांनी तो कोपऱ्यात, चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यात घुसवला. हेच करू नये म्हणून हे स्वतः गॅरेजातल्या लोकांना ओरडायचे, ते मी ऐकलेलं होतं. दांड्यावर हातोडी मारली. एकदा, दोनदा. मग सगळं अंग टाकून तो खाली दाबला. कट्कन आवाज झाला, सुपारी फुटावी तसा, आणि चेंबर एकदम सुटून ह्यांच्या छातीवर पडला.

"निघाला!" हे ओरडले. मराठीत. "अगे, निघाला पाहा!"

ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मीही टाळी वाजवली, मला वाटलं, सुटलो. हे बाहेर सरकले, उठून बसले, चेंबर मांडीवर घेऊन उलटा केला. आणि तसेच थांबले.

चेंबरच्या एका कोपऱ्याला अंगठ्याएवढा धातूचा तुकडा चिकटला होता. तो चेंबरचा नव्हता. इंजिनाच्या अंगाचा होता. तुटलेली बाजू पांढरी, चकचकीत. ह्यांनी त्या कोपऱ्याची खालची बाजू अंगठ्यानं खरवडली. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल यांचा लगदा निघाला, आणि त्याच्या आत, एका खळग्यात, बोल्टचं डोकं दिसलं. तो काढायचा राहिला होता. बाकी सगळं केव्हाच सुटलं होतं. एवढा एकच धरून बसला होता, आणि आम्ही अर्धा दिवस त्याच्याशी झुंजत होतो.

मला वाटलं, आता आरडाओरडा करतील, काहीतरी फेकतील. काहीच केलं नाही. त्या बोल्टवरून अंगठा फिरवत राहिले. डोळे मात्र एकदम स्वच्छ झाले होते, पूर्वीसारखे. ते बघणं मला जास्त जड गेलं.

"मज हा ठाऊक होता," हे म्हणाले. "हा लपलेला असतो. प्रत्येक वेळीं मी आधीं हाच काढितों."

"अहो, चिखल साचला होता. दिसला नाही. कुणाचंही होतं असं."

"नाहीं गे. दिसण्याची गोष्ट नाहीं. मी डोळे मिटून हा काढीत असें." मग म्हणाले, "आज तो माझ्या डोक्यांत नव्हताच. होता याची आठवणहि नव्हती."

मी ह्यांचा हात धरला. तेलानं निसटत होता.

"हें गेलें," हे म्हणाले. "आतां पुढें काय जाईल?"

मी फडक्यानं ह्यांची बोटं पुसायला लागले. हे माझ्याकडं बघत होते, खरोखर उत्तराची वाट बघत होते. "तूं जाशील का?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "मी कुठं जाते? इथंच आहे." हे म्हणाले, "तूं नाहीं जाणार, तें ठाऊक आहे. माझ्या डोक्यांतून जाशील का, तें विचारितों." ह्यांना घडीभरापूर्वीचं ते "अम्मा" आठवत नव्हतं. मला होतं. मी मान हलवली, नाही म्हणून. खोटं बोलले.

ह्यांना मी न्हाणीत नेलं, रॉकेल नि साबण लावून हात धुतले, दहीभात कालवून भरवला. हे झोपले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक मी बोलावून आणला. ह्यांच्या ओळखीचा, ह्यांना मान देणारा. तो खाली वाकून बराच वेळ पाहत होता. मग उभा राहून हात पुसत मला बाजूला घेऊन म्हणाला की इंजिनाचं कवचच तुटलंय, वेल्डिंग करता येईल पण टिकणार नाही, आणि या गाडीचा सुटा भाग आता मिळत नाही. "सरांना सांगू नका," असंही म्हणाला.

तेवढ्यात सर बाहेर आले. गाडी पाहिली. चेंबर ओट्यावर, बोल्ट ताटलीत, पाइप भिंतीला टेकवलेला. ह्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं की कालच्यातलं काहीही शिल्लक नाही. ठोकणं नाही, गरम पाणी नाही, तो बोल्टही नाही.

"हें कोणीं केलें?" हे म्हणाले. आवाज चढला. "माझ्या गाडीला कोणीं हात लाविला?"

मेकॅनिक माझ्याकडं पाहायला लागला. खरं सांगितलं असतं तर ह्यांना तो सगळा दिवस पुन्हा नव्यानं भोगावा लागला असता. मांडीवर चेंबर घेऊन बसलेले हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी म्हणाले, "मी. तेल गळत होतं म्हणून मी काढायला गेले. तुटलं."

"तूं?"

"हो."

"तुज काय कळतें त्यांतलें?" हे इतके संतापले की मेकॅनिक हळूच निघून गेला. "विचारायचें तरी! मी मेलों होतों का?"

मी ऐकून घेतलं. वाटलं, तासाभरात विसरतील. सगळंच विसरत होते ना.

हे विसरले नाहीत. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मुलीचा फोन ठेवला की कुणाचा होता ते आठवायचं नाही, जेवल्यावर पुन्हा जेवणाचं पान मागायचे, पण हे एवढं मात्र रुतून बसलं. दूधवाला आला की सांगायचे, "हिनें माझी गाडी मोडिली." मरुदानल्लूरला भजनाला गेलो तर टाळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगायचे. बायका मला विचारायच्या, खरंच का गं? मी हो म्हणायची. मुलगी सुट्टी काढून आली, तिलाही पहिलं वाक्य हेच. ती चिडली. रात्रीचं आवरताना मला म्हणाली, "आई, खरं सांगून टाक ना त्यांना. तू का ऐकून घेतेस रोज?"

"खरं सांगून त्यांनी काय करायचं?" मी म्हणाले.

"आणि तू?"

खरं तर मला राग यायचा, खूप यायचा. एकदा भांडी घासताना मी ताट इतक्या जोरात आपटलं की त्याची कड वाकली. ह्यांच्या आयुष्यात मी केलेलं सगळं पुसलं जात होतं: बाळंतपण, आजारपणं, सासूबाईंकडून मी शिकलेली रांगोळी, सगळं. आणि माझ्या नावावर उरलं होतं ते मी न केलेलं.

पावसाळ्यानंतर भंगारवाला गाडी घेऊन गेला. हातगाडीवर आडवी घातली. हे ओट्यावर बसून बघत होते, कुणाची गाडी आहे म्हणून त्यानंच विचारलं तर म्हणाले, ठाऊक नाही. पण आत आल्यावर माझ्याकडं बघून पुन्हा तेच, "तूं माझी गाडी मोडिलीस."

हळूहळू तेही कमी झालं. आधी अर्धं वाक्य. "हिनें माझी," आणि मग पुढचा शब्द सापडायचा नाही. मी सुचवायची, "गाडी." हे म्हणायचे, "हां, गाडी." मग तेही नाही.

परवा ह्यांच्या कारखान्यातले जुने सहकारी भेटायला आले होते. मी कॉफी केली. ते ह्यांच्याशी पूर्वीचं बोलत होते, मागांचं, पगारवाढीच्या संपाचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं. हे हसून मान हलवत होते. मी कॉफीचा पेला आणि त्याखालचा डबरा, इथली पसरट वाटी, ह्यांच्या हातात दिला आणि मुद्दाम समोर खुर्ची ओढून बसले. पाहुण्यासमोर ते वाक्य पूर्वी हमखास यायचं. मी वाट बघत होते. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, नीट, जरा वेळ. मला वाटलं, आता म्हणतील. राग दिसला असता तरी चाललं असतं.

ह्यांनी पेला खाली ठेवला आणि मला हात जोडले, कॉफी छान झाली म्हणून. पाहुणे माझ्याकडं बघायचं टाळत होते. मी त्यांना आणखी थोडी घ्या म्हणाले, त्यांनी नको म्हटलं, आणि मी पेले उचलून आत गेले.